बीएस्सी फिजिक्सला नक्की काय लागतं?

डोंबिवलीच्या एका आईने विचारलं आहे: "मुलगी बारावी सायन्स झाली. फिजिक्समध्ये ८१, गणितात ६७. सीईटीवर इंजिनिअरिंगला कुठेतरी प्रवेश मिळेल असं दिसतंय, पण ती फिजिक्सच करायचं म्हणून अडून बसली आहे. बीएस्सीला आता काय काय पूर्ण करावं लागतं? तीन वर्षं की चार? क्रेडिट, मेजर, मायनर हे काय प्रकरण आहे? तिला गणित झेपेल का? आणि पुढे काय?"

ताई, मी मुंबईत २७ वर्षं फिजिक्स शिकवते आहे. दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसते, तेव्हा हेच प्रश्न माझ्यासमोर येतात. तुमच्या प्रश्नांची दोन उत्तरं आहेत. पदवी मिळायला काय लागतं, हे एक. फिजिक्स यायला काय लागतं, हे दुसरं. पहिलं पूर्ण करून दुसऱ्यात कोरी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून दोन्ही सांगते.

आधी कागदावरचं. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या आधीच्या वर्षी. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट. सहा सेमिस्टरचे १३२ झाले की तीन वर्षांची बीएस्सी, आठ सेमिस्टरचे १७६ झाले की चार वर्षांची ऑनर्स. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास. प्रयोगशाळेत दुप्पट वेळ द्यावा लागतो आणि क्रेडिट मात्र तेवढाच मिळतो. यामुळे मुलांना वाटतं की प्रॅक्टिकल हलकं असतं. तसं ते नाही, त्यावर पुढे बोलते. मध्येच शिक्षण सुटलं तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळण्याची सोय आहे. त्यासाठी ४ जादा क्रेडिटचं काम करावं लागतं. अडचणीच्या वेळी ही सोय फार मोलाची आहे, पण प्रवेश घेतानाच तिच्याकडे बघू नका.

या १३२ क्रेडिटपैकी निम्म्याच्या आसपास मेजरचे, म्हणजे फिजिक्सचे. बाकी मायनर, म्हणजे मेजरच्या जोडीचा दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतलं ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे छोटे कोर्स, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण आणि मूल्यशिक्षण, एनएसएस किंवा खेळ-कला यांसारखे उपक्रम, फील्ड प्रोजेक्ट आणि शेवटाकडे ऑन जॉब ट्रेनिंग. कुठलं कुठल्या सेमिस्टरला येतं हे कॉलेजप्रमाणे थोडं पुढेमागे होतं. पासिंग ४० टक्क्यांना आणि हजेरी ७५ टक्के. एटीकेटी लागली तरी पुढच्या वर्गात जाता येतं, म्हणून मुलं केटी साठवत जातात. पण शेवटची पदवी सगळ्या सेमिस्टरच्या केटी सुटल्याशिवाय हातात येत नाही, आणि एमएस्सीचे प्रवेश कुणासाठी थांबत नाहीत. क्रेडिट ज्या खात्यात जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची नोंदणी आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) पहिल्याच महिन्यात करून घ्या. नावाचं स्पेलिंग बारावीच्या मार्कशीटप्रमाणेच ठेवा.

आता या सगळ्यातला एकच निर्णय असा आहे की तो चुकला तर पुढची पाच वर्षं त्रास होतो. तो म्हणजे मायनर. मायनर गणितच घ्यावं. कॉलेज केमिस्ट्री देत असेल, कॉम्प्युटर देत असेल, मैत्रिणी आणखी काही घेत असतील, तरी फिजिक्स मेजरच्या मुलीने गणित सोडू नये. "गणितात ६७ आहेत, म्हणून ते टाळावं आणि सोपं मायनर घ्यावं" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो उलटा आहे. फिजिक्स घेतल्यावर गणित टळत नाही. गणिताच्या तासाला शिकवलं नाही, तर ते फिजिक्सच्या तासाला न शिकवता वापरलं जातं.

उदाहरण देते. पहिल्याच वर्षी अवमंदित दोलन येतं. स्प्रिंगला वजन टांगलं, ते तेलात बुडवलं, आता ते कसं हलेल? याचं समीकरण दुसऱ्या ऑर्डरचं डिफरन्शिअल इक्वेशन असतं. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत पहिल्या ऑर्डरची सोडवायला शिकवतात, दुसऱ्या ऑर्डरची नाहीत. थर्मोडायनॅमिक्समध्ये मॅक्सवेलचे संबंध येतात, तिथे पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात. बारावीत ते नसतात. इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये डायव्हर्जन्स आणि कर्ल. क्वांटममध्ये आयगनव्हॅल्यू, आणि बारावीचं मॅट्रिक्स उलटं काढण्यापाशी थांबतं. प्रत्येक ठिकाणी शिक्षक फळ्यावर दोन ओळींत उरकतात, कारण पोर्शन फिजिक्सचा असतो. मुलीला वाटतं की आपल्याला फिजिक्स समजत नाही. खरं म्हणजे तिला ते गणित कुणी शिकवलेलंच नसतं. टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षी, क्लासिकल मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल फिजिक्स, सॉलिड स्टेट, न्यूक्लिअर, सापेक्षता असे विषय एकामागून एक येतात तेव्हा हा अनुशेष भरून काढायला वेळच उरत नाही. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी उत्साहाने प्रश्न विचारणाऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मान खाली घालून बसणाऱ्या मुली होत्या. त्यातल्या बहुतेकींची गोष्ट हीच होती.

गणित मायनरचा कागदोपत्री फायदाही आहे. अनेक आयआयटींच्या एमएस्सी फिजिक्सच्या पात्रतेत पदवीला निदान वर्षभर गणित असावं अशी अट असते. विमानतळ प्राधिकरणात एअर ट्रॅफिक कंट्रोलचं पद निघतं, त्याला बीएस्सी फिजिक्स आणि गणितासह लागते. ही अट तिसऱ्या वर्षी वाचून रडवेली झालेली मुलं माझ्याकडे आली आहेत, आणि तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं.

६७ मार्क कमी नाहीत. मी बघते ते वेगळंच. बारावीचं पुस्तक बंद करून ती एखादं इंटिग्रेशन दहा मिनिटं चिकाटीने करत बसू शकते का? उत्तर चुकलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून जाते का? ते असेल तर ६७ चे पुढे खूप काही होतात. नसेल तर ९५ वाल्यांनाही जड जातं.

आता प्रयोगशाळा. इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण या पदवीतली सगळ्यात खरी परीक्षा मला इथे दिसते.

न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. काचेच्या पट्टीवर बहिर्गोल लेन्स ठेवायची, वरून सोडियमचा पिवळा प्रकाश टाकायचा, आणि मायक्रोस्कोपमधून बघायचं. मध्ये काळा ठिपका आणि त्याभोवती काळी-पिवळी वलयं. वलयांचे व्यास मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. व्यासाचा वर्ग म्हणजे चार गुणिले वलयाचा क्रमांक गुणिले लेन्सची वक्रता त्रिज्या गुणिले तरंगलांबी. लेन्सची त्रिज्या १०० सेंटिमीटर असेल तर दहाव्या वलयाचा व्यास जेमतेम अर्धा सेंटिमीटर येतो. एवढ्या लहान वर्तुळावरून प्रकाशाच्या लाटेची लांबी कळते, जी सेंटिमीटरच्या लाखाव्या भागाच्या जेमतेम सहापट असते, पुस्तकात ५८९३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). पहिल्यांदा हे उत्तर हाती येतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

काही वर्षांपूर्वी एका मुलीचं उत्तर ५५३० आलं. तिने हळूच विचारलं, "मॅडम, दोन रीडिंग बदलू का?" दरवर्षी कुणीतरी हे विचारतं, आणि विचारणारी मुलं प्रामाणिकच म्हणायची, कारण बाकीची न विचारता बदलतात. मी तिला म्हटलं, रीडिंगला हात लावायचा नाही, चूक शोध. आधी वलयांचा ग्राफ पाहिला. आडव्या अक्षावर वलयाचा क्रमांक, उभ्यावर व्यासाचा वर्ग. रेषा सरळ होती, उतार ०.०२३६ चौरस सेंटिमीटर. ती शून्यातून मात्र जात नव्हती, कारण मधल्या काळ्या ठिपक्यालाच तिने पहिलं वलय धरलं होतं. तिला वाटलं सापडली चूक. पण क्रमांक एकाने सरकले तर सगळी रेषा बाजूला सरकते, तिचा उतार तोच राहतो, आणि तरंगलांबी उतारातून येते. म्हणून तर एका वलयाच्या रीडिंगवर भरवसा न ठेवता ग्राफ काढायचा.

मग स्क्रू एकाच दिशेने फिरवला होता ना, बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या ढिलेपणाची चूक, तर नाही ना, ते पाहिलं. ठीक होतं. शेवटी राहिली लेन्सची त्रिज्या. ती स्फेरोमीटरने काढतात. तीन पायांमधलं अंतर ४ सेंटिमीटर, आणि लेन्सवर मधला स्क्रू सपाट काचेपेक्षा जेवढा वर राहतो ती उंची. तिने ती एकदाच मोजली होती, ०.०२५ सेंटिमीटर. त्यावरून त्रिज्या आली १०६.७. स्फेरोमीटरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारी सर्वात लहान उंची, होतं ०.००१. म्हणजे चकतीवरचा एक भाग इकडेतिकडे झाला की त्रिज्येत चार टक्क्यांचा फरक! मायक्रोस्कोपशी दोन तास डोळे फोडून घेतले, आणि चूक दोन मिनिटांत उरकलेल्या मोजमापात होती. तिने लेन्सवर वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा उंची मोजली, सरासरी आली ०.०२६६. त्रिज्या १००.३, तरंगलांबी ५८८०.

त्या दुपारी ती मुलगी जे शिकली ते कुठल्याही प्रश्नपत्रिकेत विचारत नाहीत. कुठल्या मोजमापावर उत्तर सगळ्यात जास्त अवलंबून आहे, हे आधी ओळखायचं आणि कष्ट तिथे घालायचे. रीडिंग बदलली असती तर जर्नलमध्ये सुंदर ५८९० दिसलं असतं आणि हे कधीच कळलं नसतं.

जर्नल हा आपल्या मुंबईच्या बीएस्सीचा मोठा विषय. विभागप्रमुखांची सही झालेलं, सर्टिफाय केलेलं जर्नल असल्याशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्या वर्षीची जर्नलं हातोहात फिरतात आणि रात्री जागून उतरवली जातात. मी स्वतः एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, असताना दोन प्रयोग असेच मैत्रिणीच्या वहीतून उतरवले होते. परीक्षेत नेमका त्यातला एक, रेझिस्टन्स मोजायचा कॅरी फॉस्टर ब्रिज, माझ्या वाट्याला आला आणि जोडणी कुठून सुरू करायची तेच सुचेना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल उघडून त्यातला माझाच निष्कर्ष मला वाचून दाखवला आणि विचारलं, हे कसं आणलंत? ती शरम अजून आठवते. म्हणून तुमच्या मुलीला एकच सवय लावा. प्रयोगाच्या दिवशीच रात्री, रीडिंगचे कच्चे कागद ताजे असताना, गणित आणि ग्राफ पूर्ण करायचा. परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच. डोंबिवलीपर्यंत एका प्रयोगाचं गणित आरामात होतं.

प्रवासावरून आठवलं. कॉलेज निवडताना नुसता कटऑफ बघू नका. दक्षिण मुंबईतली जुनी कॉलेजं आहेत, माटुंग्याचं रुईया आहे, मुलुंडचं वझे-केळकर, ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला आहे. रोज चार तास गाडीत जाणार असतील तर घराजवळचं कॉलेज पुष्कळदा जास्त फिजिक्स देतं. प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन दोन गोष्टी विचारा. टीवायला फिजिक्स मेजरची किती मुलं आहेत? आणि आम्हाला लॅब बघता येईल का? मुलं फारच कमी असतील तर पुढे विषय चालू राहील का याची खात्री करून घ्या. लॅबमध्ये एकेका प्रयोगाला चार-चार मुलं उभी असतील तर दोघंच हात लावतात आणि दोघं आकडे लिहून घेतात, हे लक्षात ठेवा. विद्यापीठाच्या साइटवरची प्रवेशपूर्व नोंदणी आणि कॉलेजचा स्वतःचा फॉर्म, दोन्ही भरायचे असतात. एक भरून निर्धास्त राहू नका. स्वायत्त कॉलेजांच्या तारखा वेगळ्या असतात.

बीएस्सी हा एकच रस्ता आहे असंही नाही. कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाने मिळून २००७ मध्ये सुरू केलेलं मूलभूत विज्ञान केंद्र आहे, ज्याला मुलं सीईबीएस म्हणतात. तिथे पाच वर्षांची सलग एमएस्सी होते आणि प्रवेश नेस्ट या परीक्षेतून मिळतो. पवईला आयआयटीत इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक आहे, त्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. या वर्षी त्या परीक्षा हुकल्या असतील तर हळहळू नका. चांगली बीएस्सी करून एमएस्सीला अशाच संस्थांत जाता येतं.

तीन की चार? भारतात एमएस्सी करायची असेल तर हिशोब एकच येतो: तीन अधिक दोन, किंवा चार अधिक एक. चौथ्या वर्षाचा संशोधनासह ऑनर्स हा प्रकार घ्यायचा तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, थेट पीएचडीला अर्ज करायचा विचार असेल तर चार वर्षांच्या पदवीचा उपयोग होतो. पण चौथं वर्ष तिथेच करावं ज्या कॉलेजात प्रोजेक्ट करून घेणारे शिक्षक आणि उपकरणं आहेत. हा निर्णय आज घ्यायचा नाही, पाचव्या सेमिस्टरला घ्यायचा.

वर्गाबाहेरचं मुंबईत जेवढं आहे तेवढं देशात फार थोड्या शहरांत आहे, आणि आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत याचं मला वाईट वाटतं. मानखुर्दला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे पदवीच्या मुलांसाठी एनआययूएस हा कार्यक्रम २००४ पासून चालतो, निवड झालेल्यांना खऱ्या संशोधकाबरोबर प्रोजेक्ट करता येतो. फिजिक्स शिक्षकांची आयएपीटी ही संघटना बीएस्सीच्या मुलांसाठी देशभर परीक्षा घेते. तिचा जुना पेपर सोडवला की आपण कुठे आहोत ते कळतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये लोकांसाठी व्याख्यानं होतात. पहिल्या वर्षी अर्धं डोक्यावरून जाईल, तरी जावं.

पुढे काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. स्पष्ट सांगते: नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर फिजिक्सचीच नोकरी क्वचित मिळते. हवामान खात्याचं सायंटिफिक असिस्टंट किंवा मघाशी सांगितलेलं एटीसी, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, अशी पदं निघतात, बीएड करून शाळेत शिकवता येतं, आणि कोडिंग नीट शिकलेली मुलं डेटाच्या कामात जातात. बहुतेकांना एमएस्सी करावीच लागते. त्यासाठी जॅम ही परीक्षा: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. तिचा अभ्यासक्रम बराचसा बीएस्सीचाच आहे, पण प्रश्न सोडवायला लावणारे असतात, टीप लिहायला लावणारे नसतात. एमएस्सीला ६० टक्के असले तर बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, प्रशिक्षणासाठी अर्ज करता येतो. आणखी एक वाट आहे ती घरोघरी माहीत नसते. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन किती आणि कुठे द्यायचं याचा हिशोब डॉक्टरांबरोबर मेडिकल फिजिसिस्ट करतो. एमएस्सीनंतर बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा वर्षाचा डिप्लोमा आणि मग इंटर्नशिप करून या कामात जाता येतं. माझी एक विद्यार्थिनी आज हेच काम करते आहे.

कॉलेज सुरू व्हायला अजून दिवस आहेत, तर तिला एक काम द्या. एक नट, दोरा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्यायचं. नट दोऱ्याला बांधून दाराच्या चौकटीला टांगायचा. दोऱ्याची लांबी गाठीपर्यंत मोजायची, ४० सेंटिमीटरपासून १२० पर्यंत पाच-सहा वेळा बदलायची, आणि दर वेळी २० हेलकाव्यांचा वेळ घ्यायचा. एक मीटरच्या आसपास तो ४० सेकंद येईल. एका हेलकाव्याच्या वेळाचा वर्ग आणि लांबी यांचा ग्राफ काढून उतारावरून गुरुत्वत्वरण काढायचं. आपल्याकडे ते साधारण ९.७९ आहे. रेषा बहुधा शून्यातून जाणार नाही, आणि तरी उत्तर बरोबर येईल. का, ते तिला वहीत लिहू दे, आणि ती वही घेऊन पहिल्या प्रॅक्टिकलला येऊ दे.